बिनडोळ्यांचं कासव

अक्का,

तुमची विणकामाची पिशवी परवा दाजी माझ्या हातात देऊन गेले. धुळ्याहून अमळनेरपर्यंत एस.टी.नं उभ्यानं आले आणि आमच्याकडे पाणीही उभ्यानंच प्यायले. "तिन्ही सांगेल व्हतं, हाई निर्मलाले देजो," एवढं बोलले. मी चहाचं आधण ठेवेपर्यंत माणूस फाटकाबाहेर. तुमच्याशिवाय एकट्यानं कुणाच्या घरी बसायची त्यांना सवयच नाही.

तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले. तेराव्याला बायका तुमच्याबद्दल भरभरून बोलत होत्या. कुणाला तुमचे खापरावरचे मांडे आठवले, कुणाला तुम्ही कानबाईच्या सणाला धरलेला फेर. एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, नणंद-भावजय असावी तर अशी, कधी वाकडा शब्द नाही. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं रडतेय. खाई त्याला खवखवे, अक्का. वाकडा शब्द होता. एकच होता, आणि तो कुणाच्या तोंडून निघाला होता ते आपल्या दोघींना माहीत होतं. आता एकटीला माहीत आहे.

म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला वाचनाचा कंटाळा. माझं आंतर्देशीय पत्र आलं की तुम्ही दाजींना मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि मध्येच "बठ्ठं बरं शे ना?", सगळं बरं आहे ना, एवढं विचारून पत्र संपवून टाकायच्या. हे मात्र पूर्ण ऐका.

बी.एड.साठी मी धुळ्याला तुमच्याकडे राहायला आले तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जळगावची, बी.एस्सी. झालेली, नाक वर असलेली मुलगी. नवऱ्याची मोठी बहीण म्हणजे घरातलं दुसरं सासूपण, असं आईनं कानात भरून पाठवलेलं. तुम्ही दारातच विचारलंत, "जेवनी का?" मला अहिराणी कळत नव्हती. तुम्ही विचारत होतात जेवलीस का, मला वाटलं जेवणार का; मी जेवून आलेली, म्हणून नाही म्हटलं, आणि दुसऱ्यांदा जेवले. पोट फुटायची वेळ आली, पण पहिल्याच दिवशी चूक कबूल कोण करणार? तुम्हाला ते चार दिवसांनी कळलं तेव्हा तुम्ही पदर तोंडात कोंबून हसलात. माझी चूक कबूल न करायची खोड तुम्हाला तेव्हाच कळायला हवी होती.

दिवाळीनंतर मला दिवस असल्याचं कळलं. तुमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. मला तुम्हाला सांगायची भीती वाटत होती. तुम्ही मात्र ऐकलं, हातातलं पीठ झटकलं, देवापुढं गूळ ठेवला, आणि संध्याकाळी दाजी गॅरेजमधून आल्याबरोबर त्यांना म्हणालात, "ते लोकरनं गठुडं काढा."

त्या गाठोड्याची गोष्ट मी शाळेत मुलांनाही सांगते. दाजींचं गॅरेज आग्रा रोडवर. पंजाबकडून आलेला एक ट्रक दोन दिवस त्यांच्या दारात दुरुस्तीला पडला होता. जाताना ड्रायव्हरनं एक फाटकं पोतं त्यांना भेट म्हणून दिलं. आत ब्लँकेटं विणायची लोकर. करंगळीएवढी जाड, आणि मऊ इतकी की हात घातला तर मांजर झोपलंय असं वाटावं. हिरवी जास्त, थोडी दुधाळ. खानदेशातल्या उन्हात त्या लोकरीचं करायचं काय? दोन वर्षं ती माळ्यावर पडून होती. तुमच्याकडच्या क्रोशाच्या सगळ्या सुया तिच्यापुढं टाचणीसारख्या. सुईच्या आकड्यात धागा मावेच ना. शेवटी दाजींनी मोडकं लाटणं घेतलं, त्याची मूठ तासली, टोकाला आकडा कोरला, आणि काचकागदानं घासून घासून गुळगुळीत केला. तिला आपण 'लाटण्याची सुई' म्हणू लागलो. ती आत्ता माझ्यासमोर आहे. आकड्याजवळ तुमच्या बोटाचा खळगा पडलाय.

"काय विणायचं?" मी विचारलं.

"कासव."

"कासव? अहो, बाळासाठी बाहुली, ससा असं काहीतरी..."

"कासवच," तुम्ही म्हणालात. "कासवीले दूध ऱ्हास नही, निर्मला. ती पिलूकडे नुसती देखस. नजरवरीच पिलू वाढस."

इथून आपला वाद सुरू झाला. मी पदवीधर. मी तुम्हाला समजावून सांगितलं की कासवी वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वर वाळू लोटते आणि निघून जाते. मागं वळूनही बघत नाही. पिल्लं आपली आपण बाहेर येतात. तुम्ही शांतपणे सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तू देखेल शे का?"

नव्हतं देखेल. पुस्तकात वाचलं होतं. "मंग?" म्हणालात, आणि साखळी घालायला घेतलीत. पुढची बारा वर्षं हा वाद आपण अधूनमधून काढत राहिलो. मी पुस्तक दाखवायची, तुम्ही "तू देखेल शे का?" विचारायच्या. पालथ्या घड्यावर पाणी.

ती थंडीची दुपार आणि दुपारी ओसरीत येणारा उन्हाचा पट्टा मला अजून लख्ख आठवतो. मी पाठाची टाचणं काढायची, तुम्ही विणायच्या. कधी टाचणं बाजूला सारून मीही सुई मागायची. त्या लोकरीचे टाके डोळ्यांना दिसतच नाहीत. सगळी लव लवेत मिसळून जाते. मी वाकून वाकून शोधत बसायची, आणि प्रत्येक फेरीत दोन टाके जास्त नाहीतर दोन कमी. "डोया झाक," तुम्ही म्हणायच्या. "बोटघाई मोज." डोळे मिटून बोटांनी मोजलं की खरंच टाका लागायचा. मला उंच खांबाचे टाके घालायची घाई, कारण उंच खांबानं काम लवकर सरतं. तुम्ही ते उसवून टाकायच्या. खेळण्याला मुका खांबच हवा. बुटका, शेजाऱ्याला चिकटून बसणारा. "मुका खांब घट ऱ्हास. आतला कापूस भायेर येत नही." आतलं बाहेर येत नाही, हे खरं होतं. आपल्या दोघींच्या बाबतीत जरा जास्तच खरं ठरलं.

नमुना पुस्तकातला नव्हता. सोनगीरकडच्या आपल्या गावी महादेवापुढं दगडी कासव आहे, त्यावरून तुम्ही वीत-टिचभर मापं घेतलीत. आत भरायला गावाकडचा कापूस आणलात. सरकी काढायचं काम माझं. मी अभ्यास करत करत काढायची, त्यामुळं एक सरकी राहिलीच. कासव भरून, शिवून झाल्यावर डाव्या मागच्या पायात ती बोटाला लागली. उसवायचं म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. पोरले खेवाले व्हई." पोराला खेळायला होईल.

पाठ हिरवीगार, पोट दुधाळ, आणि आकार असा गरगरीत की सुट्टीला आलेल्या तुमच्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दारातूनच विचारलं, "अक्का, हे कासव शे का भरीतनं वांगं?" तुम्ही त्यांना लाटण्याच्या सुईनंच मारलंत.

डोळे सगळ्यांत शेवटी लावायचे, हा तुमचा नियम. डोळे लावले की जीव येतो, मग त्याच्या अंगात सुई खुपसायची नाही. दाजींच्या लग्नातल्या कोटाची दोन काळी बटणं तुम्ही काढलीत. दाजी म्हणाले, "आते मी कोट कसा घालू?" तुम्ही म्हणालात, "कोना लगीनमा?" कासव आपल्याकडे बघायला लागलं. बटणांचं, पण अगदी मायेनं बघायचं हो ते. मी माहेरी जळगावला बाळंतपणाला गेले तेव्हा तुम्ही ते दिलं नाहीत. बारशाला आत्याच्या हातचं म्हणून पाळण्यात ठेवायचं होतं.

आता ते लिहायला हवं. मघापासून मांड्यांवर आणि वांग्यावर वेळ काढतेय.

स्वाती जन्मली आणि आठव्या दिवसापासून दूध तोडू लागली. तोंड लावायची आणि किंचाळून मागं व्हायची. चार दिवस आणि चार रात्री. माझा जीव काही माझ्याकडे राहिला नव्हता. आई मीठ-मिरच्या उतरवत होती. बारशाच्या सकाळी ती मला म्हणाली, "तुझी नणंद आली की पाळण्याला हात लावू देऊ नकोस. मूलबाळ नसलेल्या बाईची नजर भुकेली असते." मी आईवर भडकले. विज्ञान शिकलेल्या मुलीला हे सांगतेस? चांगली झापली मी तिला. त्या भांडणाचा मला पुढं कितीतरी वर्षं आधार होता.

तुम्ही दुपारी आलात. एवढ्या लांबून, बसमध्ये कासव मांडीवर घेऊन. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव तुम्हीच सांगायचं होतं. नावही तुम्हीच निवडलेलं. तुम्ही हात धुतलेत, कासव पाळण्यात पायाशी ठेवलंत, तोंड बाळाकडे करून. आणि तुम्ही वाकलात. त्याच क्षणी ती किंचाळली.

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं झालं नाही, अक्का. तसं झालं असतं तर बरं होतं. मी क्षणभर थांबले होते. विचार करून बोलले. "अक्का, ते डोळे तिच्यावर नका ठेवू. तुम्ही जरा लांबूनच बघा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी कासवाकडे पाहिलं.

मी बटणांबद्दल बोलले, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. काळी बटणं, लहान बाळ घाबरतं, एवढंच. पण दुसरं वाक्य बटणांना लागू पडत नाही. कासव लांबून बघू शकत नाही. ते मी तुम्हाला म्हटलं होतं, आणि तुम्हाला ते कळलं होतं.

"माले कयनं," तुम्ही म्हणालात. समजलं मला. पिशवीतून छोटी कातर काढलीत, कासव उचललंत, आणि दोन्ही बटणं कापलीत. कच्, कच्. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधलीत. मग बिनडोळ्यांचं कासव पाळण्यात परत ठेवलंत. तुम्ही ते घेऊन गेला असतात तर मला शिक्षा झाली असती. तुम्ही ठेवून गेलात. कानात नाव माझ्या मावशीनं सांगितलं. जेवून जा म्हटलं तर "चारनी गाडी शे" म्हणालात आणि निघालात. चारची गाडी! तेव्हा दोनही वाजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाळाच्या तोंडात बघितलं. जिभेवर, गालाच्या आत पांढरे चट्टे होते. औषधाचे थेंब दिले. दोन दिवसांत पोरगी घटाघट पिऊ लागली. आईनं श्रेय मिठा-मिरच्यांना दिलं आणि विज्ञान शिकलेली मी गप्प बसले. तेव्हाच एक कार्ड टाकायचं होतं तुम्हाला. तीन पैशांची शाई लागली असती.

तुम्ही संबंध तोडले नाहीत, हेच मला सोसवलं नाही. भाऊबिजेला आलात, कानबाईला आलात, स्वातीला मे महिन्यात धुळ्याला न्यायला आलात. तिला साखळी शिकवलीत, मुका खांब शिकवलात. पण ती जेवायला बसली की तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसायच्या. मुद्दाम कुणाला कळू नये अशी, भाजी निवडायचं निमित्त करून. ती आजारी पडली तर दाराशी उभं राहून विचारपूस, नजर जमिनीवर. नवा फ्रॉक घालून ती तुमच्यापुढं गिरकी घ्यायची, तेव्हा तुम्ही म्हणायच्या, "छान शे व माय," आणि विणकामातून मान वर काढायच्या नाहीत. माझ्या एका वाक्याचा तुम्ही नियम करून टाकला होतात. मी दर वेळी बघत होते. 'अक्का, अहो इकडे वळा, बघा तिच्याकडे,' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण ते म्हटलं की आधीचं कबूल करावं लागणार. मी वर्गात पन्नास मुलांना कासवाची अंडी शिकवायची आणि घरी मुका खांब घालून बसायची.

तुमची शेवटची भेट गेल्या महिन्यातली. ओसरीतल्या त्याच उन्हाच्या पट्ट्यात तुमची खाट होती. मी ठरवून आले होते. गाडीत शब्दसुद्धा जुळवले होते. आणि तुमच्या उशाशी बसून विचारलं काय, तर "औषधं वेळेवर घेता ना?"

तुम्ही विचारलंत, "कासव शे का आजून?"

"आहे."

"सरकी?"

"तीपण आहे."

तुम्ही हसलात. दात दिसेपर्यंत, पूर्वीसारख्या. मीही हसले. माझ्यासाठी दार उघडून दिलं होतं तुम्ही, अक्का. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "साडेचारची गाडी आहे."

आता पिशवीचं सांगते. काल दुपारी ती उघडली. लाटण्याची सुई, हिरव्या लोकरीचा अर्धा गुंडा, कातर, आणि तळाशी एक काडेपेटी. काडेपेटीत दोन काळी बटणं. भोकांत अजून हिरव्या लोकरीचे तुकडे अडकलेले, कापले होते तसेच. मी पलंगावर बसून राहिले.

स्वाती शाळेतून आली. आता बारा वर्षांची आहे, मला खांद्याला लागते. दप्तर टाकलं, माझ्या हातातली काडेपेटी बघितली, आणि अगदी पाहुणे आल्यासारखं म्हणाली, "अरे, डोळे आले?"

"तुला काय माहीत?"

"अक्कांनीच सांगितलेलं, डोळे त्यांच्याजवळ आहेत म्हणून. लहानपणी मी विचारलं होतं, माझ्या कासवाला डोळे का नाहीत. त्या म्हणाल्या," आणि ती तुमच्यासारखीच मान तिरपी करून म्हणाली, "'त्याना डोया मन्हाजोडे शेतस. मी आठून देखस ना तुले, धुळाहून.' मी रोज रात्री झोपताना धुळ्याकडे तोंड करून झोपायचे, आई. तुला वाटायचं मी वेडीवाकडी झोपते."

इतकी वर्षं मी त्या पोरीला ओढून ओढून सरळ झोपवत होते.

वाद संपला, अक्का. तुम्ही जिंकलात. कासवी मागं वळून बघत नाही असं पुस्तकात आहे. पुस्तक चुकलेलं नाही. पण तुम्ही विचारायच्या ना, तू देखेल शे का? आता देखेल शे. माझ्या घरात एक लेकरू बारा वर्षं नजरेवर वाढलं, धुळ्याहून अमळनेरला, आणि मला पत्ता नव्हता.

"मग लाव ना," स्वाती म्हणाली. "आता धुळ्याला कोण आहे बघायला?"

तिनं कासव आणलं. बसून बसून चपटं झालंय, हिरवा रंग विटलाय, लव झडून टाके उघडे पडलेत. आता ते डोळ्यांनाही दिसतात. मी दोरा ओवला. पहिलं बटण लावलं. दुसरं लावताना तिनं विचारलं, "पण अक्का डोळे काढून का घेऊन गेल्या होत्या?"

सुई हातात होती. विसरल्या असतील, असं म्हणता आलं असतं. तुम्ही तिला बारा वर्षांत खरं सांगितलं नाहीत. माझी लाज तुम्ही त्या काडेपेटीत जपून ठेवलीत. तुमच्या मागं ती तशीच झाकून ठेवायची का?

मी सांगितलं. दोन्ही वाक्यं, जशीच्या तशी. आईवर ढकललं नाही, चार रात्रींच्या जागरणावर ढकललं नाही. तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसायच्या तेही सांगितलं. स्वाती ऐकत राहिली. कासवाच्या डाव्या मागच्या पायातली सरकी अंगठ्यानं दाबत राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर भांडेल. मी गाठ मारून दोरा तोडल्यावर तिनं कासव उचललं, खिडकीतल्या टेबलावर नेऊन ठेवलं, आणि त्याचं तोंड माझ्याकडे केलं.

अजून तसंच आहे. मी हे लिहितेय आणि ते बघतंय.

स्वाती आत जेवायला बसलीय. तिच्या समोर तुमच्यासाठी मांडलेला पाट मी कालपासून उचललेला नाही. या, अक्का. जवळून बघा.